पिंपाची कुळकथा

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली, तेव्हा कोणी पाककृती देण्याचे कबूल केले, कोणी यात्रेचे वर्णन लिहिण्याचे. "तुम्ही जुन्या गोष्टी सांगता, तुम्ही इतिहास लिहा," असे म्हणून सेक्रेटरीबाईंनी तो विषय माझ्या पदरात टाकला. भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांच्या लढाया शाळेत घोकल्या तेवढ्याच. तेव्हा मी इतिहास लिहिणार तो घरातल्याच एका वस्तूचा. ती वस्तू म्हणजे पिंप.

आपल्या भाईंदरात पिंप नाही असे घर शोधून सापडायचे नाही. मोरीत एक, गॅलरीत एक, आणि ज्यांच्या नळाला पाणी कमी त्यांच्याकडे जिन्याखाली तिसरे. टँकर आला की हाक उठते तीही पिंपाचीच. माझ्या शेजारची गुजराती भगिनी त्याला 'पीप' म्हणते, वरच्या मजल्यावरची उत्तरेकडची बाई 'पीपा' म्हणते, बंगाली माणसे 'पिपे' म्हणतात आणि मल्याळी बायका 'वीप्पा'. इतक्या निरनिराळ्या मुलखांत एकच शब्द कसा पोहोचला, याचे मला फार नवल वाटे. वाचनालयातून पुस्तके आणून आणि जाणत्या माणसांना विचारून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवते.

हा शब्द आला पोर्तुगीजांबरोबर. त्यांच्या भाषेत 'पीपा' म्हणजे मोठे लाकडी पिंप. सुमारे पाचशे लिटर दारू किंवा तेल मावेल एवढे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्यानंतर त्यांची जहाजे दरवर्षी येऊ लागली. लिस्बनहून निघालेल्या जहाजाला हिंदुस्थान गाठायला सहा-सहा महिने लागत. एवढ्या दिवसांचे पिण्याचे पाणी, दारू, तेल, खारवलेले मांस, सगळे पिंपांतच भरलेले असे. म्हणून जहाज ज्या ज्या बंदराला लागले, तेथे तेथे पिंप उतरले आणि त्याच्याबरोबर त्याचे नावही उतरले.

आपल्या भागाचा तर या मंडळींशी दोनशे वर्षांचा संबंध. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई आणि तिच्या हाताखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी बेट आले, आणि साष्टीच्या अगदी उत्तर टोकाला आपली भाईंदर, मीरे, घोडबंदर, राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन ही गावे. खाडीच्या अलीकडे आपण आणि पलीकडे वसईचा किल्ला. १७३९ साली चिमाजीआप्पांनी मोठा रणसंग्राम करून वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा अंमल संपला. आपल्या हद्दीतला धारावीचा किल्लाही त्याच मोहिमेत मराठ्यांनी घेतला. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात राहिले. पाव, बटाटा, चावी, बादली, पगार, इस्त्री हे सगळे त्यांचेच. घमेले हा शब्दसुद्धा त्यांच्या 'गामेला'वरून आला, आणि गंमत अशी की गामेला म्हणजे लाकडी परात. आपले घमेले लोखंडाचे झाले आणि पिंप प्लॅस्टिकचे झाले. नावे मात्र लाकडाच्या काळातलीच राहिली.

त्यापूर्वी आपल्याकडे पाणी साठवायला काय होते? रांजण होता, माठ होता, तांब्यापितळेचे हंडे नि घागरी होत्या. भिस्ती कातड्याच्या पखालीतून पाणी घालीत. पिठासाठी लाकडी काठवट होती. पण लाकडाच्या सुट्या फळ्या जोडून, त्यांत पाणी ठरेल असे भांडे करणे ही युरोपकडची कला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने नोंद करून ठेवली आहे की, आल्प्स पर्वताच्या बाजूचे लोक आपली दारू लाकडी भांड्यांत ठेवतात आणि त्या भांड्यांना कडी आवळतात. इतर रोमन लोक तेव्हा मातीची मोठी कुंभे वापरीत. पुढे मातीचे भांडे मागे पडले आणि लाकडी पिंप सगळीकडे झाले, त्याचे कारण साधे आहे. रांजण आपटला की फुटतो. पिंपाचे तसे नाही. त्याचे पोट फुगीर असल्यामुळे ते आडवे करून ढकलले तर जमिनीला थोड्याच जागी टेकते, आणि आठ माणसांना न उचलणारे ओझे दोन माणसे लोळवत नेतात.

या पिंपात एक खिळा नसतो, सरसाचा एक थेंब नसतो. मध्ये रुंद आणि टोकांना अरुंद अशा फळ्या तासायच्या, गोल उभ्या करायच्या, आत जाळ करून त्या ऊबेने वाकवायच्या आणि वरून लोखंडी पट्टे ठोकायचे. फळ्यांना काठाच्या आत खाच पाडून तीत तळ बसवायचा. बाकी सर्व काम पाणी करते. लाकूड पाणी प्याले की आडवे फुगते. लांबीला जवळजवळ वाढतच नाही. फळ्या फुगतात, पण बाहेरून पट्टा आवळलेला असल्यामुळे त्यांना जायला जागा नसते. मग त्या एकमेकींना घट्ट चिकटतात. फटी मिटतात. म्हणजे पाणी ठेवण्यासाठी पिंप, आणि पिंप टिकण्यासाठी पाणी, असा हा मामला आहे. रिकामे आणि कोरडे राहिले की लाकूड आखडते, पट्टे सैल होतात आणि एक दिवस फळ्या सुट्या होऊन पडतात. जहाजावर यासाठी एक खास कारागीर असे. रिकामी पिंपे मोडून फळ्यांचे भारे बांधायचे आणि लागली की पुन्हा उभी करायची, हे त्याचे काम.

हे सारे मी पुस्तकात वाचले. पण कळले मात्र हाताने केल्यावर. गेल्या चैत्रात आमच्या थोरल्याने एक लाकडी पिंप आणले. वीस लिटरचे, ओक नावाच्या विलायती झाडाचे, वरून उघडे आणि लाकडी झाकणाचे. कोरे करकरीत. मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या पूर्वी लाकडात मुरवीत, असे मी घरात नेहमी सांगत असे. म्हणून त्याने हौसेने आणलेले. आमच्या ओळखीच्या एक उत्तनच्या वृद्ध ख्रिस्ती बाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना आम्ही सगळे 'बाय' म्हणतो. त्यांच्या वडिलांच्या घरी ताडीचा शिरका लाकडी पिंपात ठेवीत. त्यांना मी मुद्दाम बोलावून आणले.

बायने पिंपाला हात लावण्यापूर्वी विचारले, "याच्यात आधी काय व्हतं?"

"काही नाही, बाय. नवे आहे," मी म्हटले.

तरी त्यांनी डोके आत घालून वास घेतला. बोटाने आतली फळी चोळून पाहिली. आतून मेण, रोगण किंवा रंग फासलेला असेल तर ते पिंप खाण्याच्या जिनसाला घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे. आत नुसत्या लाकडाचाच वास होता. मग कामाला सुरुवात झाली.

प्रथम पिंप पालथे करून थोपटले आणि भुसा, चुरा झाडून काढला. पाणी आधी घातले असते, तर तो चुरा फटींत जाऊन बसला असता. नंतर पट्टे तपासले. सैल असलेला पट्टा पोटाकडे ठोकायचा. एकाच जागी मारायचे नाही, लाकडाचा तुकडा मध्ये धरून सभोवार हलके हलके ठोकत जायचे. मग पिंप मोरीत ठेवून कोमट पाणी ओतले, आधी पाव भाग. ओतले तसे ते चहूबाजूंनी झिरपू लागले. थोरल्याचा चेहरा उतरला. पैसे फुकट गेले असे त्याला वाटले. बाय हसून म्हणाल्या, "अरे, गळत नाय ते. तहान लागलीय त्याला."

पाणी पुन्हा घातले, गळले, पुन्हा घातले. बाहेरून ओले गोणपाट गुंडाळले. संध्याकाळपर्यंत धारांचे थेंब झाले. दुसऱ्या दिवशी काठोकाठ भरले, तेव्हा दोनच फटी ओल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांपैकी एक मिटली. दुसरीवर बाहेरून मधमाशीचे मेण घासले. फटीत खिळा किंवा चिंधी ठोकायची नाही. त्याने फळी चिरते.

गळती थांबली म्हणजे काम संपले असे नाही. पहिल्या दिवसाचे पाणी काळ्या चहासारखे निघाले. या लाकडात तुरट अंश असतो. बाभळीच्या सालीत असतो तसाच. कातडे कमावायला ती साल वापरतात ती याचसाठी. ते पाणी दररोज बदलावे लागते. साचू दिले तर आंबूस वास येतो आणि लाकूड बुळबुळीत होते. चौथ्या दिवशी कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून ते भरून ठेवले, आणि नंतर चार वेळा स्वच्छ पाण्याने खळबळून काढले. साबण वापरायचा नाही. लाकूड त्याचा वास धरून बसते. या तुरट पाण्याला लोखंड लागले की ते काळे पडते, म्हणून आत लोखंडी पळी घालायची नाही. सातव्या दिवशी पाणी नितळ निघाले. शेवटी कढत मिठाचे पाणी घालून ते निवेपर्यंत ठेवले, ओतून टाकले आणि पिंप ओले असतानाच त्यात कैऱ्या भरल्या. पाच किलो कैऱ्यांना सव्वा किलो जाडे मीठ, थरावर थर, आणि वर धुतलेला दगड, म्हणजे कैऱ्या खारात बुडून राहतात. पुढे कैऱ्या संपल्या तरी पिंप कोरडे ठेवायचे नाही, मिठाचे पाणी भरून सावलीत ठेवायचे, हा बायचा शेवटचा नियम.

हिशेब केला तेव्हा, एक लहानसे पिंप तयार करायला मला सात दिवस आणि दीडशे लिटरच्या वर पाणी लागले. आपल्या गावात दीडशे लिटर पाणी म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. त्यातले बरेचसे मी संडासात वापरले, तरी जीव हळहळला. आणि मनात आले की, दक्षिण कन्नडच्या किनाऱ्यावर बांगडे मीठ आणि मलबारी चिंच घालून मोठमोठ्या लाकडी पिंपांत मुरवीत आणि कोलंबोला धाडीत; त्या रीतीला 'कोलंबो क्युअर' असे नावच पडले. व्यापाराच्या पुस्तकात त्या नावाची नोंद आहे. पण ती पिंपे भिजवणारे, धुणारे, वास घेऊन पाहणारे हात कोणाचे, याचा पत्ता कोठे लागत नाही.

लाकडाचे दिवस कसे गेले तेही पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या आरमाराने पाण्यासाठी लोखंडी टाक्या घेतल्या, कारण लांबच्या प्रवासात पिंपातले पाणी हिरवे होई, नासे. आपल्या घरांत मात्र आधी आला तो रॉकेलचा डबा. त्या शतकाच्या शेवटी शेवटी रॉकेल पत्र्याच्या अठरा लिटरच्या डब्यांतून येऊ लागले. तेल संपले की डबा घरात राही. त्याला वर दांडी ठोकली की पाण्याची बादली, झाकण बसवले की धान्याचा डबा. हिंदुस्थानातल्या कितीतरी बायांनी विहिरीचे पाणी त्याच डब्यांनी वाहिले.

मग आले लोखंडी पिंप, आणि येथे एका बाईची कथा आहे. अमेरिकेत नेली ब्लाय नावाची वार्ताहर होती. १८८९ साली ती एकटी जगप्रदक्षिणेला निघाली आणि ७२ दिवसांत परत आली. पुढे तिने एका कारखानदाराशी लग्न केले. १९०४ साली नवरा वारला, आणि दुधाचे डबे व बंब तयार करणारा तो कारखाना तिच्या हाती आला. तेथल्या वेरहान नावाच्या कारागिराने १९०५ साली लोखंडी पत्र्याच्या पिंपाचे पेटंट मिळवले आणि ते मालकीणबाईच्या नावे केले. आज आपण पाहतो ते दोनशे लिटरचे लोखंडी पिंप त्याच वंशातले. पुढे नोकरांच्या अफरातफरीने तिचा कारखाना बुडाला. पिंप मात्र जगभर झाले. खनिज तेलाचा व्यापारही १८५९ नंतर अमेरिकेत लाकडी पिंपांतूनच सुरू झाला होता. आज ते तेल नळांतून आणि जहाजाच्या टाक्यांतून वाहते, तरी वर्तमानपत्रात भाव येतो तो पिंपामागे इतके डॉलर असाच. ते पिंप १५९ लिटरचे. ते आता फक्त हिशेबात उरले आहे.

लोखंडाला गंज चढतो. आपल्या खाडीच्या हवेत तर फारच लवकर. म्हणून प्लॅस्टिकचे निळे पिंप आले आणि सर्वांची सोय झाली. मी लग्न होऊन भाईंदरला आले त्याला आता पंचवीस वर्षे होतील. आमच्या तेव्हाच्या चाळीत नळाला एक दिवसाआड, तेही अपरात्री पाणी येई. पाणी भरण्यासाठी जागलेल्या रात्री मोजल्या तर त्यांची वर्षे भरतील. आपल्या शहराला स्वतःचे धरण नाही. शहाड-टेमघरकडून आणि बारवीकडून पाणी येते तेव्हा आपली चूल पेटते. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांच्या वर गेली. एवढ्या घरांचे पाणी शेवटी येऊन उभे राहते ते पिंपातच.

आता ज्यासाठी एवढे लिहिले ती गोष्ट सांगते. त्याच चाळीत एका बिऱ्हाडाने भंगारातून जुने निळे पिंप स्वस्तात आणले. दिसायला छान, जाड, झाकणाला आवळायचा पट्टाही होता. त्या बाईने ते तीन वेळा साबणाने आणि एकदा चिंचेने घासले. सकाळी वास नसे. दुपारी उन्हाने पिंप तापले की आतून औषधासारखा उग्र दर्प येई. आठ दिवसांत धाकट्या मुलाच्या अंगावर पुरळ उठले. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले तेव्हा पाण्याचा विषय निघाला. ते पिंप कोणत्या कारखान्यातून आले, त्यात काय होते, हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. पिंप टाकून दिले आणि पोर बरे झाले.

बायने लाकडी पिंपापुढे उभे राहून जो प्रश्न विचारला, तो त्या दिवशी चाळीत कोणी विचारला नव्हता. "याच्यात आधी काय व्हतं?" लाकूड वास पिते, हे जुन्या बायांना ठाऊक होते, म्हणून शिरक्याचे पिंप शिरक्याला, मासळीचे मासळीला, असे नेमलेले असे. प्लॅस्टिक दिसते काचेसारखे कोरडे, पण रसायनांचा अंश तेही आत मुरवून घेते, आणि ऊब लागली की परत सोडते. लाकडाला सात दिवस पाणी दिले की ते घरचे होते. रसायनाच्या पिंपाला सत्तर दिवस धुतले तरी ते पिण्याच्या पाण्याच्या उपयोगाचे होत नाही.

तेव्हा भगिनींनो, जुने पिंप घेताना दोन पैसे वाचतात म्हणून भुलू नका. पूर्वी काय होते ते सांगता येत नसेल, तर ते पिण्यासाठी घेऊ नका. नवे घेतले तरी आधी वास पाहा, दोनदा पाणी भरून टाका, मग वापरा. दर आठ दिवसांनी पिंप पुरे रिकामे करून आतून घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो, ती अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटून कोरडीही टिकतात, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात; म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. झाकण घट्ट असू द्या.

सेक्रेटरीबाईंना माझी एक विनंती आहे. बायसारख्या वृद्ध स्त्रिया आपल्या राईत, मुर्ध्यात, डोंगरीत अजून आहेत. रांजण कसा निववायचा, मीठ कशात ठेवायचे, बोंबील वाळवून भरायचे कसे, हे त्यांना हाताने येते. मंडळाने एक वही घालावी आणि पुढच्या वर्षभरात दर महिन्याला एकीकडे जाऊन तिच्या तोंडून हे उतरवून घ्यावे. लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन. पुढच्या स्मरणिकेला मजकुराची ददात पडणार नाही.

असो. मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि प्रत्येक भगिनीच्या घरचे पिंप गोड पाण्याने भरलेले राहो, ही सदिच्छा.